‘कोरड्या’ सेलातील ओलावा

शालेय पुस्तकांत विजेरीचा सेल ‘कोरडा विद्युतघट’ या नावाने भेटतो. तो खरोखरच कोरडा झाला, तर मात्र वीज देणार नाही. या धाग्यात त्या नावामागे लपलेल्या ओलाव्याचा इतिहास.

१८६६ साली फ्रेंच अभियंता जॉर्ज लेक्लांशे याने आपला घट सिद्ध केला. काचेच्या बरणीत नवसागराचे द्रावण, त्यात जस्ताची कांडी आणि सच्छिद्र भांड्यात कार्बनच्या पट्टीभोवती मँगनीज डायऑक्साइडची पूड. तारायंत्रांना आणि विजेच्या घंटांना तो सोयीचा ठरला. परंतु बरणी कलंडली की द्रावण सांडे. न कलंडताही पाणी उडून जाई आणि क्षार काचेवरून चढून बाहेर पसरत. वीज होती, पण फडताळाला बांधलेली.

जर्मनीतील माइन्त्स येथील डॉक्टर कार्ल गास्नर याने १८८६ साली यावर तोडगा काढून पेटंट घेतले. त्याने द्रावणात प्लास्टर ऑफ पॅरिस कालवले आणि जस्ताची कांडी काढून जस्ताचेच भांडे केले. रासायनिक क्रिया मूळचीच राहिली. बदलला तो केवळ द्रवाचा पातळपणा.

पुढे प्लास्टरची जागा गव्हाच्या पिठाने आणि स्टार्चने घेतली. पीठ मिसळलेले द्रावण जस्ताच्या डबीत ओतून गरम केले की ते आळत असे. पतंग चिकटवण्यासाठी घरी खळ शिजवतात, तीच ही क्रिया! स्टार्चच्या जाळ्यात पाणी अडकून पडते, परंतु विद्युतभारित कणांना त्यातून वाट मिळत राहते. १८९६ मध्ये अमेरिकेत नॅशनल कार्बन कंपनीचा ‘कोलंबिया’ हा सहा इंची, १.५ व्होल्टचा सेल बाजारात आला आणि १८९९ मध्ये डेव्हिड मिसेल याला हातविजेरीचे पेटंट मिळाले. आपल्याकडे तर विजेरीचेच नाव ‘बॅटरी’ पडले.

या रचनेत एक दोष मात्र मुळातच होता. जस्ताची डबी हीच भिंत आणि हेच सरपण. ती झिजून भोके पडत आणि खळ बाहेर येई. झीज आवरण्यासाठी दीर्घकाळ जस्तावर पारा वापरला गेला. फेकलेल्या सेलांबरोबर तो पाराही कचऱ्यात गेला, याचा उल्लेख विजेरीच्या कौतुकात क्वचितच होतो.

शिसे-आम्ल बॅटरीत पिठाचा उपाय चालणारा नव्हता, कारण गंधकाम्लात स्टार्च टिकत नाही. जर्मनीतील झोनेनशाइन कंपनीत ओटो याखे याने १९५७ च्या सुमारास वाळूच्याच कुळातील सिलिका वापरली. तिची अतिसूक्ष्म पूड आम्लात मिसळली की आम्लाचे जेल बनते. कालांतराने त्या जेलला बारीक तडे जातात, आणि गंमत अशी की ते तडेच उपयोगी पडतात: धन पट्टीवर निर्माण झालेला ऑक्सिजन त्यांतून ऋण पट्टीकडे जातो व तेथे पुन्हा पाणी तयार होते. त्यामुळे बॅटरीत वरून पाणी घालण्याची गरज उरली नाही. आडवी ठेवली तरी न सांडणारी ही बॅटरी विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्च्यांतही बसवली गेली. जास्त चार्जिंग मात्र तिला सोसत नाही. उडालेले पाणी परत भरता येत नाही.

लिथियमच्या काळातही नावांचा घोळ सुटला नाही. ‘पॉलिमर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बॅटऱ्यांत घन प्लॅस्टिक नसून द्रव शोषून फुगलेले जेलच असते.