सुरुंगांतून वाट काढणारे मेजर राणे

आपल्या पनवेलहून निघणारा गोवा हायवे पुढे कारवारला जातो. कारवारजवळच्या चेंडिया गावी २६ जून १९१८ रोजी रामा राघोबा राणे जन्मले. वडील पोलीस शिपाई. १९४० साली ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. महायुद्धात ब्रह्मदेशात लढले. डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले.

एप्रिल १९४८. नौशेराहून सैन्याला राजौरी गाठायची होती. तिथले नागरिक संकटात होते, पण वाटेत जागोजाग सुरुंग आणि अडथळे. ८ एप्रिलला काम सुरू करतानाच तोफगोळ्यांच्या माऱ्यात राण्यांची दोन माणसे गेली, पाच जखमी झाली; राणे स्वतःही जखमी. तरी ते मागे फिरले नाहीत. रणगाड्याखाली शिरून, त्याच्याबरोबर सरपटत, सुरुंग शोधत त्यांनी वाट काढली. वर बसलेल्या चालकाला खुणा द्यायच्या त्या दोरीने! आम्ही इंजिनिअर लोक 'सिग्नलिंग'वर तासन्‌तास मीटिंगा घेतो, म्हणून हा तपशील मला विशेष भावतो. रस्त्यावर आडव्या पाडलेल्या झाडांचे अडथळेही त्यांनीच उडवले. १२ एप्रिलला राजौरी हाती आली.

हयातीत परमवीर चक्र मिळालेले ते पहिले वीर. शाळेत लढाया शिकलो त्या बहुतेक तलवारीच्या. रस्ता मोकळा करणाऱ्याचे नाव परीक्षेला कधी आले नाही.

१९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी वारले. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. गोव्याची सहल काढलीत तर थोडे पुढे जाऊन पाहून या.