छोट्या कॉम्प्युटरची जागा संपली? हब लावून वाढवा, पण या गोष्टी आधी समजून घ्या

टेबलाखालचा मोठा सीपीयू जाऊन आता बऱ्याच घरांत मिठाईच्या डब्याएवढा मिनी पीसी आला आहे. जागा कमी लागते, आवाज नाही, वीजही कमी खातो. अडचण येते ती वर्ष-दीड वर्षाने. मुलांचे ऑनलाइन क्लासचे व्हिडिओ, निकाह-वलीम्याचं शूटिंग, अम्मीच्या मोबाइलमधले फोटो, घराच्या कागदपत्रांचे स्कॅन असं सगळं एकाच ठिकाणी जमतं आणि स्क्रीनवर ‘डिस्क फुल’ असा निरोप येतो. अशा वेळी नवा कॉम्प्युटर घ्यायची गरज नसते. बाहेरून हब लावून जागा वाढवता येते.

जागा कमी का पडते?

छोट्या कॉम्प्युटरच्या स्वस्त मॉडेलमध्ये साधारण २५६ जीबी जागा असते. विंडोजमध्ये ती २३८ जीबीच दिसते, कारण कंपनी आणि विंडोज यांची मोजण्याची पद्धत वेगळी आहे. त्यातली बरीचशी जागा सिस्टीमच घेते. मोठं मॉडेल घ्यावं तर किंमत उडी मारते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या एम४ मॅक मिनीचं उदाहरण घ्या. भारतात २५६ जीबीचं मॉडेल ५९,९०० रुपयांना आणि ५१२ जीबीचं ७९,९०० रुपयांना होतं, म्हणजे नुसत्या जागेसाठी २० हजार जास्त. नंतर कंपनी ही जागा वाढवून देत नाही.

आधी डबा उघडून बघा

विंडोजवर चालणाऱ्या अनेक मिनी पीसीत आतच एखादा एम.२ स्लॉट किंवा २.५ इंची डिस्कचा कप्पा रिकामा असतो. इंटेलच्या ‘नक’ मालिकेतल्या उंच मॉडेलांत असा कप्पा आहे. (इंटेलने २०२३ मध्ये हे काम थांबवलं, पुढे ते असूसने घेतलं.) आत जागा असेल तर तिथेच डिस्क बसवणं चांगलं. वायर नको, हब नको. मॉडेल नंबर बघून दुकानदाराला आधी हेच विचारा.

हब म्हणजे नेमकं काय?

हब म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी पेटी. काही हबमध्ये आतच एसएसडी बसवायची जागा असते. मॅक मिनीच्या खाली बरोबर बसतील असे हबही मिळतात. त्यात डिस्क बऱ्याचदा वेगळी घ्यावी लागते आणि तिथेच चूक होते. एम.२ एसएसडी दोन प्रकारची असते, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला सारखीच, पण अनेक हब दोन्हींपैकी एकच घेतात. लांबीही बघा. २२८० लिहिलं असेल तर २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. एक गोष्ट लक्षात ठेवा, हबने फक्त जागा वाढते. रॅम वाढत नाही.

वेगाचा हिशोब

खोक्यावरचा वेग गिगाबिटमध्ये असतो आणि आपल्या फाइल बाइटमध्ये. आठ बिटचा एक बाइट. म्हणून १० गिगाबिटच्या पोर्टवर प्रत्यक्षात सेकंदाला ९०० ते १००० एमबी मिळतात. १०० जीबीचं लग्नाचं शूटिंग कॉपी करायला लागणारा अंदाजे वेळ असा:

- जुना यूएसबी २ पोर्ट: पाऊण तास
- फिरणारी हार्ड डिस्क, यूएसबी ३ पोर्ट: १५ ते १७ मिनिटं
- साटा एसएसडी: ४ मिनिटं
- एनव्हीएमई एसएसडी, १० गिगाबिटचा हब: २ मिनिटं

एम४ मॅक मिनीचे पुढचे दोन पोर्ट १० गिगाबिटचे आहेत, मागचे तीन थंडरबोल्टचे, ४० गिगाबिटपर्यंतचे. वेगवान डिस्क मागे लावा. ‘२० गिगाबिट’ लिहिलेली बरीचशी यूएसबी डिस्क या मॅकवर १० वरच चालते, तिला जास्त पैसे देऊ नका. आणि हबच्या सगळ्या पोर्टांत मिळून एकच वेग वाटला जातो, हेही विसरू नका.

वीज कुठून येणार?

साधा यूएसबी ३ पोर्ट साडेचार वॉटपर्यंत वीज देतो. एक छोटी डिस्क त्यावर चालते. त्याच हबवर दोन-तीन डिस्क, प्रिंटर आणि चार्जिंगला मोबाइल लावला तर डिस्क मध्येच बंद-चालू होते. यातूनच डेटा बिघडतो. एकापेक्षा जास्त डिस्क लावायच्या असतील तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. ३.५ इंची मोठ्या हार्ड डिस्कला तर वेगळा अडॅप्टर लागतोच. लाइन जाण्याचा त्रास असेल तर कॉम्प्युटर आणि हब दोन्ही यूपीएसवर घ्या. एकच घेतलं तर उपयोग नाही.

फॉरमॅट कोणतं?

फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस, फक्त मॅक असेल तर एपीएफएस, दोन्हींवर फिरवायची असेल तर एक्सफॅट. मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो, पण तिच्यावर लिहू शकत नाही. मॅकची फोटो लायब्ररी बाहेर ठेवायची तर डिस्क मॅकच्याच फॉरमॅटची, म्हणजे एपीएफएससारखी, हवी. फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचं सगळं जातं, म्हणून आधी रिकामी करून घ्या. आणि वायर ओढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

नागपूरचा उन्हाळा

मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. एसएसडी साधारण ७० अंशांपर्यंत चालते, पण मोठी फाइल कॉपी करताना ती स्वतःही तापते आणि मग वेग कमी करते. हब धातूचा असावा, भिंतीला चिकटवू नये, वर कापड टाकू नये. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका. त्या हवेत ओल असते, तिने पोर्टला गंज धरतो. हबजवळ ठेवलेला वायरलेस माउस अडखळत असेल तर घाबरू नका, यूएसबी ३ मुळे २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलला अडथळा येतो. रिसीव्हर थोडा दूर लावा.

खरेदी करताना

सीताबर्डीत घ्या नाहीतर ऑनलाइन, पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या. दीड-दोन हजारांत ‘१६ टीबी एसएसडी’ मिळत असेल तर ती नकली समजा. आत छोटं कार्ड असतं. सुरुवातीला फाइल जातात, नंतर नव्या फाइल जुन्यांवर लिहिल्या जातात आणि सगळं खराब होतं. नवी डिस्क आली की विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’, मॅकवर ‘एफ३’ हे मोफत प्रोग्राम चालवून खरी जागा तपासा. तपासणी होईपर्यंत एकही फोटो त्यात टाकू नका.

सगळ्यात महत्त्वाचं: जागा म्हणजे बॅकअप नव्हे

बहुतेक घरं इथेच फसतात. कॉम्प्युटर भरला म्हणून फोटो हबच्या डिस्कवर हलवले आणि कॉम्प्युटरमधून पुसले. आता ते फक्त एकाच ठिकाणी आहेत. ती डिस्क पडली, जळली किंवा चोरीला गेली की संपलं. जाणकार तीन-दोन-एकचा नियम सांगतात: महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरासाठी सोपा मार्ग असा की एक प्रत हबवर, दुसरी साध्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा भाऊ-बहिणीच्या घरी. एसएसडी वर्षानुवर्षे कपाटात बंद ठेवू नका, दोन-तीन महिन्यांनी लावून बघा. आधार, निकाहनामा, शाळेचे दाखले असलेल्या डिस्कला पासवर्ड लावा, पण तो घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या. पासवर्ड विसरला तर ती डिस्क दुकानदारालाही उघडता येत नाही.

सिनेमे, गेम, सॉफ्टवेअर पुन्हा मिळतात. दादीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग पुन्हा मिळत नाही. म्हणून हब घेताना बजेटमध्ये दुसऱ्या साध्या डिस्कचेही पैसे धरा. हबची डिस्क थोडी लहान घेतली तरी चालेल, पण दुसरी प्रत हवीच.