आग विझली, पण नेमकं काय जळलं तेच कळेना

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." सेतू केंद्र, तलाठी कार्यालय, रेशन दुकान, कुठेही गेलात तरी हे वाक्य कानावर पडतंच. आपण निमूट परत येतो. पण सबंध देशाचं सरकारच एके दिवशी "उद्या या" म्हणायला लागलं तर? सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियात हेच झालं. डिजिटल सरकारांच्या जागतिक क्रमवारीत कायम पुढच्या बाकावर बसणारा हा देश. आपल्याकडे दोन-चार दिवस बातम्या आल्या आणि विषय संपला. मला तो नीट सांगावासा वाटतो, कारण या गोष्टीची सुरुवात तीन वर्षं आधी, दुसऱ्याच एका आगीत आहे.

आधी थोडं तांत्रिक. पूर्वी एका यंत्रावर एक काम असायचं. ते यंत्र जळलं तर दुसऱ्या जागी तसंच यंत्र तयार ठेवावं लागे, आणि रोजच्या माहितीच्या टेप तिकडे पाठवाव्या लागत. खर्चिक प्रकार. मग आभासी सर्व्हर आले. एका दणकट यंत्रात वीस-पंचवीस सर्व्हर, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे. प्रत्येकाला वाटतं आपलं स्वतंत्र घर आहे, पण जिना एक आणि नळही एक. असा सर्व्हर म्हणजे शेवटी एक फाइलच, त्यामुळे ती उचलून दुसऱ्या यंत्रावर नेता येते. 2003 मध्ये व्हीएमवेअर या कंपनीने तर चालू सर्व्हर न थांबवता एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवायची सोय आणली. लोकांना जादूच वाटली ती.

त्यातूनच एक समज पसरला, की सगळं क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे. बिऱ्हाड हलवता येतं हे खरंच. पण हलवायला दुसरीकडे जागा लागते, सामानाची ताजी प्रत लागते, आणि कोणतं बिऱ्हाड आधी हलवायचं, कोण कोणावर अवलंबून आहे, हे लिहिलेली वही लागते. ती वहीच चाळीत राहिली तर काय?

आता पहिली आग. 15 ऑक्टोबर 2022, शनिवारची दुपार. सोलजवळ पानग्यो इथे एसके सी अँड सी कंपनीच्या डेटा सेंटरच्या तळघरात लिथियम बॅटऱ्यांनी पेट घेतला. वीज गेली तर सर्व्हर चालू राहावेत म्हणून ठेवलेल्या बॅटऱ्या त्या. विझवायला पाणी मारायचं तर सगळ्या इमारतीची वीज तोडावी लागणार होती, आणि ती तोडली गेली. तिथे काकाओ कंपनीचे सुमारे 32,000 सर्व्हर होते. काकाओटॉक म्हणजे तिकडचं व्हॉट्सअॅप, आणि त्याच्या जोडीला पैसे देणं, टॅक्सी, नकाशे, सगळंच. सेवा पूर्ण सुरळीत व्हायला 127 तासांहून जास्त लागले. कंपनीच्या दोन प्रमुखांपैकी एकाने राजीनामा दिला.

आता गंमत अशी की नेव्हर या दुसऱ्या मोठ्या कंपनीचेही सर्व्हर त्याच इमारतीत होते. पण तिचं स्वतःचं डेटा सेंटर चुनचॉनला होतं, आणि ती त्या मानाने लवकर सावरली. काकाओकडे माहितीच्या प्रती नव्हत्या असं नाही. कंपनीने नंतर स्वतः सांगितलं, की एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर काम वळवायची जी साधनं होती, त्यांचीच दुसरी प्रत पुरेशी नव्हती. ती पानग्योत अडकली. प्रती बाहेर, किल्ल्या आत.

सरकार खवळलं. राष्ट्राध्यक्षांनी हे राष्ट्रीय पायाभूत सुविधेसारखंच असल्याचं म्हटलं, आणि डिसेंबरमध्ये कायदा बदलून मोठ्या इंटरनेट कंपन्या आणि डेटा सेंटरवाल्यांना सरकारच्या आपत्ती नियोजनाच्या चौकटीत आणलं. चांगलंच केलं. अशीच तरतूद 2020 मध्ये आली होती, तेव्हा उद्योगांच्या विरोधामुळे ती बारगळली होती. या गदारोळात सरकारच्या स्वतःच्या केंद्राबद्दलही विचारणा झाली. उत्तर असं, की आमचं देजॉनचं केंद्र अख्खं जळालं तरी तीन तासांत सेवा पुन्हा उभ्या राहतील अशी व्यवस्था आहे.

तीन तास. हा आकडा लक्षात ठेवा.

मधे नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारी कामकाजाचं जाळं एका नेटवर्क यंत्राच्या बिघाडाने कोसळलं, दाखले मिळेनात. तो इशारा होता. पुढे 26 सप्टेंबर 2025, शुक्रवार, रात्री सव्वाआठच्या सुमारास देजॉनच्या राष्ट्रीय माहिती संसाधन सेवेच्या केंद्रात पाचव्या मजल्यावर आग लागली. कशाला? पुन्हा लिथियम बॅटऱ्यांना. काय चाललं होतं? तर बॅटऱ्या सर्व्हरपासून दूर, तळघरात हलवायचं काम, म्हणजे पानग्योसारखी आग लागू नये म्हणूनच केलेली खटपट. बॅटऱ्यांची दहा वर्षांची हमी वर्षभरापूर्वीच संपलेली होती. 384 बॅटऱ्या जळाल्या, आणि आग पुरती विझायला जवळपास 22 तास लागले. आजूबाजूला सरकारचे सर्व्हर असल्यामुळे पाण्याचा मारा करतानाही हात आखडता घ्यावा लागत होता.

त्या खोलीतल्या 96 यंत्रणा थेट जळाल्या. शीतकरण बंद पडल्यामुळे आणखी 551 मुद्दाम बंद कराव्या लागल्या. एकूण 647. सरकारी पोर्टल, मोबाइलवरचं ओळखपत्र, टपाल, सरकारी ईमेल सगळं ठप्प. आणि समोर चुसॉक, म्हणजे आपल्या दिवाळीसारखा त्यांचा सर्वात मोठा सण, घरोघरी पार्सलं पाठवायचे दिवस. दहनासाठी स्मशानगृहाची वेळ ऑनलाइन ठरवायची सोय बंद पडली, तेव्हा घरात मृत्यू झालेली माणसं एकेका स्मशानगृहाला फोन लावत बसली. आपत्ती नियोजनाच्या कागदावर या ओळीपुढे महत्त्व किती लिहिलं होतं कोण जाणे.

तीन तासांचं काय झालं? आठवडा उलटला तरी पाचातली जेमतेम एक यंत्रणा परत आली होती. दरम्यान 3 ऑक्टोबरला या कामाशी संबंधित असलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याने सेजोंगमध्ये आपलं जीवन संपवलं. त्याच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

ही दिरंगाई का? माहितीच्या प्रती बऱ्याच यंत्रणांच्या होत्या. पण ती माहिती घेऊन लगेच चालू होतील असे जोड-सर्व्हर दुसऱ्या केंद्रात फार थोड्या यंत्रणांसाठी होते. ग्वांगजू आणि देगूला सरकारची आणखी केंद्रं होती. खास आपत्तीसाठी म्हणून गोंगजूला बांधलेली इमारतही उभी होती, पण तिथून काम सुरू झालेलं नव्हतं. पैसे हा मुद्दा होताच. दुसरा संच म्हणजे रोज रिकामा बसणारा संच, आणि रिकाम्या बसलेल्या यंत्राला अर्थसंकल्पात कोणी वाली नसतो. हे फक्त कोरियाचं दुखणं नाही.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. 9 ऑक्टोबरला सरकारने सांगितलं, की बंद पडलेल्या यंत्रणा 647 नाहीत, 709 आहेत. दोन आठवडे उलटायला आले तेव्हा! आकडा का बदलला? कारण सगळ्या यंत्रणांची नोंद ज्या व्यवस्थापन यंत्रणेत होती, तीच बंद पडली होती. ती परत आल्यावर कळलं की आपलं नक्की काय काय बंद आहे. तोवर यादी जमेल तशी जुळवून काम चाललं होतं. म्हणजे काकाओच्या किल्ल्या आत राहिल्या, म्हणून ज्यांनी तिला फैलावर घेतलं, त्यांची वहीसुद्धा आतच होती.

आणि जी-ड्राइव्ह. 2018 पासून सरकारी अधिकाऱ्यांसाठी ही सोय होती, माणशी 30 जीबी. सूचना अशी की कामाची कागदपत्रं कार्यालयाच्या संगणकावर ठेवू नका, इथे ठेवा. हेतू रास्तच होता. सव्वा लाखाच्या आसपास लोक ती वापरत. 858 टेराबाइट माहिती, आणि बाहेर कुठेही प्रत नाही. कारण दिलं गेलं की साठवण प्रचंड आणि यंत्रणा मंद, त्यामुळे बाहेर प्रत घेणं जमत नव्हतं. मंजूर झालेले कागद दुसऱ्या यंत्रणेत होते, ते वाचले. गेले ते मसुदे, टिपणं, आकडेमोड, चालू कामाचा सगळा कच्चा माल. ज्या खात्याने सूचना सर्वात काटेकोर पाळली, म्हणजे तिथलं कर्मचारी व्यवस्थापन मंत्रालय, त्याचं नुकसान सर्वात जास्त झालं. नियम मोडून स्वतःच्या संगणकावर फाइल ठेवणारा मात्र वाचला असणार! मग लोक जुने ईमेल, छापील कागद, कुणाच्या तरी संगणकात राहिलेल्या फाइल गोळा करत बसले. आपल्याकडे 21 जून 2012 ला मंत्रालय जळालं तेव्हा फायली पुन्हा जुळवायचं काम असंच करावं लागलं होतं. कागद जळो नाहीतर सर्व्हर, दुसरी प्रत नसेल तर नंतरची धावपळ सारखीच.

हसू नका त्यांना. देशातली डेटा सेंटरं सर्वात जास्त आहेत ती आपल्या मुंबई-नवी मुंबईत, ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात. आणि प्रती असूनही फसण्याचा अनुभव मुंबईने घेतलेला आहे.

24 फेब्रुवारी 2021, बुधवार. राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, सकाळी 11:40 ला बंद पडला. मुख्य केंद्र आणि जवळचं दुसरं केंद्र यांना जोडणाऱ्या तारा तुटल्या होत्या. वाटेत खोदकाम, बांधकाम चालू होतं, असं एनएसईने नंतर सांगितलं. खरं तर जोडणी तुटली तर मुख्य केंद्राने एकट्याने चालत राहायला हवं. झालं उलट. प्रत ठेवणारी साठवण यंत्रणा अनपेक्षित वागली आणि मुख्य केंद्रातल्याच सर्व्हरना माहिती मिळेना. सुरक्षेसाठी बांधलेल्या दोरीनेच पाय अडकला. चेन्नईला दूरचं आपत्कालीन केंद्र होतं, पण तिकडे काम वळवलं नाही. मुख्य केंद्र दुरुस्त होईल या आशेवर तास जात राहिले. बाजार संपायची वेळ 3:30, आणि जेमतेम काही मिनिटं आधी जाहीर झालं की 3:45 ते 5 पुन्हा व्यवहार होतील. तोवर अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे दिवसाचे सौदे बीएसईवर मिळेल त्या भावाने मिटवून टाकले होते. तोटा ग्राहकाचा.

महिन्याभरात, 22 मार्चला, सेबीने नियम कडक केले. बिघाड झाल्यापासून अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची की नाही ते ठरवायचं, आणि जाहीर केल्यापासून 45 मिनिटांत काम सुरू व्हायलाच हवं. ही अर्ध्या तासाची अट मला सगळ्यात शहाणी वाटते. त्या बुधवारी सगळ्यात जास्त वेळ गेला तो निर्णय न घेण्यात.

पुढे 2 मार्च 2024 ला, शनिवारी, शेअर बाजार खास उघडला. 9:15 ते 10 व्यवहार नेहमीच्या केंद्रातून. मग दीड तासात सगळं आपत्कालीन केंद्रावर वळवलं, आणि 11:30 ते 12:30 खरे सौदे, खऱ्या पैशांनी, तिथून. 18 मे ला, पुन्हा एका शनिवारी, तेच परत केलं.

आपली महापालिका, जिल्हा परिषद, भूमी अभिलेख कार्यालय यांना माहिती अधिकारात तीन गोष्टी विचारता येतील: दुसऱ्या केंद्रावरून प्रत्यक्ष काम शेवटचं कधी चालवून पाहिलं, यंत्रणांची यादी सर्व्हरबाहेर कुठे ठेवली आहे, आणि कोणत्या यंत्रणेची प्रत घेतलीच जात नाही. अर्ज मराठीत चालतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. कोणी केलाच, तर आलेलं उत्तर इथे खाली टाका.