ज्यूडास, अंकुश आणि रेडिओवरचं नाव

१९७४ साल. देवळाली कॅम्पातला लॅम रोड, आणि तुम्ही अठरा वर्षांचे. तोफखान्याच्या सरावाचे धमाके इतके अंगवळणी पडलेत की काचा थरथरल्या तरी तुमची मान वर होत नाही. पारशी सॅनेटोरियममध्ये हवापालटाला आलेली मुंबईची पोरं तुम्हाला ‘व्हेल्व्हेट फॉग’ बँडबद्दल सांगतात. त्यातला गायक नंदू भेंडे. घरी सांगताच आई पोळ्या लाटायची थांबते. “‘झोपी गेलेला जागा झाला’मधल्या आत्माराम भेंड्यांचा मुलगा?”

तोच. यंदा अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या इंग्रजी रॉक संगीतिकेत तो ज्यूडास झालाय.

बँड सुटल्यावर त्याचं पुढे काय, हा प्रश्न तुम्हाला आताच पडतो. बीटल्स फुटले त्याच वर्षी, १९७० साली, त्यांच्यातल्या पॉल मॅकार्टनीची स्वतःच्या नावाची रेकॉर्ड बाजारात आली होती. मुंबईत इंग्रजी रॉक गाणाऱ्या पोराला अशी रेकॉर्ड काढणारी कंपनी कुठून मिळणार? बँड सुटला की बहुतेकांचं गाणंही सुटतं.

१९७८. नाट्यगृहात तिसरी घंटा होते. नाटक ‘तीन पैशाचा तमाशा’: ब्रेख्तच्या नाटकावरून पुलंनी लिहिलेलं, पुण्याच्या थिएटर अकॅडमीचं, जब्बार पटेलांनी बसवलेलं. अंकुश नावाचा गुंड रंगमंचावर येतो आणि तुम्ही खुर्चीत पुढे सरकता. हा नंदू! तोंडी मराठी शब्द आहेत, पण ते ठोक्यावर आदळतायत, ओळीच्या शेवटी आवाज मुद्दाम खरवडला जातोय. याच नाटकात लावणीचा ठसका आहे, नाट्यपदाची फिरत आहे, आणि त्यांच्या शेजारी हा रॉकचा गळा जराही परका वाटत नाही. शेजारचे धोतरवाले आजोबा आधी कपाळाला आठ्या घालतात, मग त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरतात. बँडबाहेरची त्याची खरी कमाई माझ्या मते हीच: मराठीत रॉक गाता येतं, हे त्याने मराठी प्रेक्षकांसमोर उभं राहून दाखवलं. त्यासाठी त्याचं नाव आज घेतलं जातं त्याहून कितीतरी जास्त घेतलं जायला हवं.

१९८३. पुन्हा कॅम्प, पाऊस, हॉटेलात चहा. रेडिओवर ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ लागतं. संगीत बप्पी लाहिरींचं. नऊ वर्षांपूर्वीचा ज्यूडास आता कृष्णाला हाक मारतोय, त्याच ताकदीने. २०१४मध्ये हा आवाज थांबेल, नव्वदीतले वडील मागे राहतील, हे अजून कुणाला ठाऊक नाही. शेजारच्या बाकावरचे दोन जवान पाय हलवत ऐकतायत. एक म्हणतो, “मिथुन क्या गाता है!”

“मिथुन नहीं, नंदू भेंडे,” तुम्ही म्हणता, आणि चहा पुन्हा मागवून त्यांना अंकुशबद्दल सांगायला बसता.