झाशीचा किल्ला, जुझारसिंह आणि ‘पादशाहनामा’

मोगलांच्या १६३५च्या बुंदेलखंड मोहिमेची हकीगत अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘पादशाहनाम्या’त आहे. झाशीचा किल्ला बांधणाऱ्या ओरछाच्या वीरसिंहदेवाचा मुलगा जुझारसिंह तिथे निव्वळ कृतघ्न बंडखोर दिसतो. लाहोरी शाहजहानच्या हुकमाने लिहीत होता. जुझारसिंहाची बाजू त्याच्याकडून कळायची नाही. पण एवढ्यावरून सगळा ग्रंथ भाटगिरीत काढणे उतावीळपणाचे आहे. दर दशकाच्या शेवटी लाहोरी मनसबदारांच्या याद्या देतो, ‘जात’ (वैयक्तिक दर्जा) आणि ‘स्वार’ (ठेवायचे घोडेस्वार) या दोन्ही आकड्यांसह. वाचायला रुक्ष असा हाच भाग कारभाराच्या अभ्यासाला सर्वांत मोलाचा. हे आकडेही फुगवलेले असतील, असा आक्षेप येतो. लुटीच्या रकमांपुरता तो मान्य करावा. मनसबीचे तसे नाही: ती सगळ्या दरबाराला ठाऊक असे आणि जहागिरी तिच्यावरच ठरत, तेव्हा खोटा आकडा लपला नसता. अर्थात यादीतले स्वार म्हणजे रणांगणावरचे स्वार नव्हेत. जहागीर असलेल्या सुभ्यातच नेमणूक असेल तर तिसरा हिस्सा आणि हिंदुस्थानात अन्यत्र असेल तर चौथा हिस्सा स्वार पुरेत, हा नियम खुद्द लाहोरीनेच नोंदवला आहे. स्तुतिपाठकाने तो झाकला असता. मराठा सुभेदार नारोशंकर याच्या काळापासून झाशीसाठी पेशवे दफ्तरातली पत्रे आणि हिशेब हाताशी येतात. मोगलांचे मध्यवर्ती दफ्तर मात्र बहुतांशी नष्ट झाले, म्हणून त्याआधीच्या काळासाठी लाहोरीला टाळून चालत नाही.