काराकोरमचे स्थलनिर्देशक सर्वेक्षण
काश्मीरच्या उत्तरेस पसरलेल्या काराकोरम पर्वतातील प्रमुख शिखरांची स्थाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बरीचशी निश्चित झाली. तथापि त्यांच्यामधील हिमनद्यांचे यथार्थ चित्र मिळण्यास आणखी सु. ऐंशी वर्षे लागली. याचे कारण सर्वेक्षणपद्धतीतच होते. दूरच्या ठाण्यांवरून थिओडोलाइटने कोन मोजले म्हणजे शिखराचे स्थान व उंची काढता येते. कड्यांआडची हिमनदी मात्र तेथून दिसत नाही. टी. जी. माँटगमरी यांनी १८५६ मध्ये हरमुख पर्वतावरून दोनशेहून अधिक किमी. अंतरावरील ‘के२’ शिखराची नोंद केली. पुढील मापनांवरून त्याची ठरलेली उंची (८,६११ मी.) आजही प्रचलित आहे. एच. एच. गॉडविन-ऑस्टिन यांनी १८६१ मध्ये बाल्तोरो व बिआफो या हिमनद्यांवर प्रत्यक्ष जाऊन प्लेन टेबलच्या साहाय्याने नकाशे काढले.

पूर्वेकडील सियाचीनची कथा वेगळी आहे. हेन्री स्ट्रेची १८४८ मध्ये तिच्या मुखापर्यंत पोहोचले होते. परंतु वरचा भाग अज्ञात राहिल्याने ती आखूड असून सालतोरो रांग हाच सिंधू व यार्कंद खोऱ्यांमधील जलविभाजक होय, अशी समजूत रूढ झाली. टॉम लाँगस्टाफ यांनी १९०९ मध्ये बिलाफोंड ला ही खिंड ओलांडली, तेव्हा पलीकडे त्यांना एक प्रचंड हिमनदी आढळली. तिचे पाणी यार्कंदकडे जात असावे, असे त्यांना प्रथम वाटले. पुढे नुब्रा खोऱ्यातून सियाचीनवर गेल्यावर ओळखीची शिखरे दिसली आणि दोन्ही हिमनद्या एकच असल्याचे उघड झाले. जलविभाजक त्यामुळे नकाशावर बराच ईशान्येस सरकला. मात्र तेथीलच तेराम कांग्री शिखराची त्यांनी काढलेली उंची १९११ च्या मापनात सु. ३,००० फुटांनी कमी भरली. सियाचीनचे सविस्तर सर्वेक्षण फॅनी बुलक वर्कमन यांच्या मोहिमेने १९१२ मध्ये केले. तिची लांबी सु. ७५ किमी. आहे. याच वर्कमन दांपत्याने बिआफोच्या परिसरात, चहूबाजूंनी पर्वतांनी वेढलेली व बाहेर पडण्यास वाटच नसलेली ‘कॉर्निस हिमनदी’ नोंदविली होती. बर्फ साठतच जाणार असेल, तर जाणार कोठे, ही शंका रास्तच होती. एच. डब्ल्यू. टिलमन यांनी १९३७ मध्ये तिची वाट शोधून तो वाद मिटविला. भारतीय सर्वेक्षण खात्यातील अफराझ गुल खान, फझल इलाही व इनायत खान यांनी या प्रदेशात केलेले काम मोलाचे असूनही गिर्यारोहकांच्या कीर्तीपुढे झाकोळले गेले.

भारत-पाकिस्तान यांच्यातील १९४९ च्या कराची करारात युद्धबंदी रेषा एनजे ९८४२ या बिंदूपर्यंतच तपशीलवार आखलेली असून पुढे ती उत्तरेस हिमनद्यांकडे जाते, एवढाच उल्लेख आहे. ती सालतोरो रांगेवरून जाते असे भारत मानतो, तर पाकिस्तान ती काराकोरम खिंडीकडे नेतो. एप्रिल १९८४ मध्ये भारतीय सैन्याने सालतोरो रांगेवरील खिंडींचा ताबा घेतला. त्यांत लाँगस्टाफ यांनी ओलांडलेली बिलाफोंड ला ही खिंडही होती.