टोर्नेडोचे छायाचित्रण

चैत्र-वैशाखात माळावर गरगरणारी वावटळ आपण सर्वांनीच पाहिली आहे. ती तापलेल्या भुईतून उठते आणि पाचोळा उडवून विरून जाते. अमेरिकेच्या मैदानातील टोर्नेडो मात्र मेघाच्या पोटातून खाली येतो. मेक्सिकोच्या आखातावरून आलेली उष्ण, दमट हवा, तिच्यावर पश्चिमेकडून सरकणारी कोरडी हवा आणि उंचीगणिक दिशा व वेग पालटणारा वारा, एवढी सामग्री जुळली म्हणजे प्रचंड मेघ स्वतःभोवती फिरू लागतो. क्वचित त्याची सोंड भूमीला टेकते.

या सोंडेचे सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र २६ एप्रिल १८८४ रोजी कॅन्सस प्रांतातील गार्नेट येथे ए. ए. ॲडम्स यांनी घेतले. वादळ संथगतीने चालले होते, म्हणूनच त्या काळचा अवजड कॅमेरा मांडण्यास त्यांना अवकाश मिळाला. पुढे चार महिन्यांनी डाकोटातील हॉवर्डनजीक घेतलेले चित्र अधिक भयंकर दिसते व पुष्कळ काळ तेच आद्य मानले जाई. पण त्यावर कुंचला बराच फिरलेला आहे. आम्हांस ॲडम्स यांची ती बारीक, दोरीसारखी आकृतीच अधिक विश्वसनीय वाटते.

छायाचित्रांचे खरे चीज केले ते जपानात जन्मलेल्या तेत्सुया फुजिता यांनी. २० जून १९५७ रोजी फार्गो शहरावर टोर्नेडो कोसळला. घरे भुईसपाट झाली, माणसे दगावली. परंतु तो दुरून स्पष्ट दिसत असल्याने अनेक नागरिकांनी त्याची चित्रे टिपली होती. शिकागो विद्यापीठातील फुजितांनी फार्गोस जाऊन ती गोळा केली. प्रत्येक चित्र कोठून घेतले हे ठरवून, कोन मोजून, त्यांनी वादळाची उंची, वाट आणि वेळ यांचा हिशेब मांडला. सामान्य लोकांनी भीतीच्या घटकेत घेतलेली ही चित्रे! मेघाच्या तळाशी उतरणाऱ्या फिरत्या भागास त्यांनी ‘वॉल क्लाउड’, म्हणजे भिंतमेघ, हे नाव दिले. १९६० साली त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला.

२४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातील युनियन सिटीजवळ संशोधकांनी एका टोर्नेडोची जन्मापासून विलयापर्यंत छायाचित्रे घेतली. त्याच वेळी नॉर्मन येथील डॉप्लर रडार तेच वादळ पाहत होते. दोन्ही ताडून पाहता असे आढळले की, सोंड भूमीस टेकण्यापूर्वीच वर मेघात ते भ्रमण रडारवर उमटले होते.